पेन्सिलने लिहिलेली तारीख : नेट परीक्षेच्या नियोजनकर्त्यांस खुले पत्र

प्रति,
संयुक्त सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेचे धोरण ठरवणारे आणि तिचे नियोजन करणारे सन्माननीय अधिकारी

सविनय नमस्कार.

मी वाळूज एमआयडीसीतील एका औषध कंपनीच्या क्यूसी विभागात, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत, काम करतो. दर जानेवारीत आमच्याकडे वर्षभराच्या रजांचा तक्ता भिंतीवर लागतो आणि प्रत्येकाने आपल्या नावापुढे दिवाळी, गावची जत्रा, बहिणीचे लग्न असे जे काही असेल ते लिहायचे असते. आमच्या प्रयोगशाळेत पेन्सिलीला बंदी आहे. औषधनिर्मितीत जी नोंद करायची ती पुसली न जाणाऱ्या शाईनेच करायची. चूक झालीच तर त्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही, तारीख व दुरुस्तीचे कारण लिहायचे, हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी शिकवले जाते. त्या तक्त्यावरची एक नोंद मात्र दर वर्षी पेन्सिलने होते आणि ती माझी असते : नेट परीक्षेसाठीच्या रजा. आमच्या पर्यवेक्षकांनी पहिल्या वर्षी हटकले, दुसऱ्या वर्षी ते हसले, आणि आता तेच कुठून तरी पेन्सिल पैदा करून माझ्या हातात ठेवतात.

मला त्यांचा राग येत नाही. पण देशातील विज्ञान संशोधनाचे दार ज्या परीक्षेतून उघडते, तिची तारीख शाईने लिहिण्याचे धाडस एका सामान्य उमेदवाराला होऊ नये, ही गोष्ट मी आजवर निमूटपणे सोसली आणि आता ती जाहीरपणे आपल्यापुढे मांडावी असे मला वाटते.

थोडे माझ्याविषयी सांगणे भाग आहे. मी लातूर जिल्ह्यातील एका खेड्यातला. २०२० मध्ये, टाळेबंदीच्या वर्षी, सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालो आणि घरची गरज म्हणून लगेच नोकरीला लागलो. बजाजनगरच्या एका खोलीत आम्ही तिघे राहतो आणि तिघेही तीन पाळ्यांत काम करतो. रात्रपाळी करून आलेल्याने झोपायचे, दुसऱ्याने गच्चीवर बसून अभ्यास करायचा, असा आमचा क्रम आहे. २०२२ च्या सप्टेंबरात मी पहिल्यांदा नेट दिली आणि तेव्हापासून एकही सत्र चुकवलेले नाही. २०२४ च्या जुलैत अध्यापनासाठीची पात्रता मिळाली, जेआरएफ, म्हणजे पीएच.डी. करताना दरमहा मिळणारी संशोधन फेलोशिप, थोडक्यात हुकली. माझे वय आता २८ आहे, आणि माझ्यासारख्या खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला जेआरएफसाठी ३० वर्षांची मर्यादा आहे. माझ्यापुढे किती संधी उरल्या हे बोटांवर मोजता यायला हवे. ते मोजता येत नाही, कारण त्या किती हे माझ्या वयाइतकेच आपल्या वेळापत्रकावरही ठरते.

ही परीक्षा अवघड आहे अशी माझी तक्रार नाही, हे आधीच स्पष्ट करतो. ती अवघडच असावी. २०० गुणांचा पेपर, तीन तास, १२० प्रश्न. त्यातले भाग 'अ'मधील १५, भाग 'ब'मधील ३५ आणि भाग 'क'मधील २५ असे ७५ सोडवायचे. हिशेबाने एका उत्तराला जवळपास अडीच मिनिटे मिळतात. पण भाग 'क'च्या ६० प्रश्नांतून आपले २५ निवडायचे तर उरलेले ३५ही निदान नजरेखालून घालावे लागतात, आणि सगळे १२० वाचायचे म्हटले तर एका प्रश्नाला दीड मिनिटच उरते. भाग 'क'मधला एक प्रश्न चुकला की एक गुण वजा होतो, आधीच्या दोन भागांत अर्धा. म्हणजे काय येते याइतकेच काय सोडून द्यायचे हेही यायला लागते, आणि ते केवळ सरावानेच येते. माझ्यासारख्या सेंद्रियवाल्याने एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात समूह सिद्धान्ताचे तोंडही पाहिलेले नसते. त्याला कॅरेक्टर टेबले, ह्युकेल सिद्धान्त, पर्टर्बेशनची दुसऱ्या क्रमापर्यंतची ऊर्जा, बोरेन आणि धातुगुच्छांची इलेक्ट्रॉन-मोजणी हे सगळे नव्याने शिकावे लागते. ते आम्ही शिकतो. एचपीएलसी या विश्लेषण यंत्रावर नमुना लावला की एक धाव संपेपर्यंत जी २०-२५ मिनिटे मिळतात, तेवढ्यात खिशातल्या चिठ्ठीवरचे अभिकारक पाठ करणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांपैकी मी एक आहे. हा भार आमचा आहे. तो कमी करा असे मी म्हणणार नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार तारखेची आहे. या परीक्षेच्या सत्रांना जून आणि डिसेंबर अशी नावे आहेत. आता गेल्या काही वर्षांचा जमाखर्च पाहा. 'जून २०२२' ही परीक्षा १६ ते १८ सप्टेंबरला झाली. 'डिसेंबर २०२२' स्वतंत्रपणे झालीच नाही. ती 'जून २०२३'मध्ये मिसळून ६ ते ८ जून २०२३ या दिवसांत घेतली गेली. 'डिसेंबर २०२३' वेळेवर, २६ ते २८ डिसेंबरला झाली. 'जून २०२४' जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेली. 'डिसेंबर २०२४' २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरू झाली. त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन होता, हा योगायोग मला कडूच वाटला. 'जून २०२५' २८ जुलैला झाली. 'डिसेंबर २०२५'ची परीक्षा मात्र १८ डिसेंबरलाच झाली, आणि त्याबद्दल मी आपले मनापासून आभार मानतो, कारण ठरवले तर हे जमते याचा तो पुरावा आहे.

महिना-दोन महिने इकडे तिकडे झाल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. पूर्ण वेळ अभ्यास करणाऱ्याचे कदाचित फार बिघडत नसेल, उलट त्याला आणखी वेळ मिळाल्यासारखे वाटत असेल. पण या अभ्यासाची एक चाल असते. पहिले तीन-चार महिने मूळ संकल्पना, मग जुन्या प्रश्नपत्रिका, आणि शेवटचे पाच-सहा आठवडे केवळ उजळणी. नामांकित अभिक्रिया, अभिकारक, वर्णपटातील आकडे आणि संक्रमण धातूंच्या अवस्था हे सगळे एकाच वेळी डोक्यात तरंगत ठेवण्याची ती शेवटची मुदत असते. तिथवर पोहोचलेल्या माणसाला परीक्षा महिनाभर पुढे गेल्याचे कळले, तर त्याला महिना मिळत नाही. त्याची उजळणी शिळी होते आणि तिला पुन्हा प्रारंभ करावा लागतो. नोकरी करणाऱ्याचे त्याहून वाईट. त्याने साठवलेल्या रजा खर्च झालेल्या असतात, सहकाऱ्यांशी पाळ्यांची अदलाबदल करून झालेली असते, आणि तीच विनवणी त्याच माणसांना महिन्याभरात दुसऱ्यांदा करावी लागते.

वगळलेल्या सत्राची किंमत तर आणखी वेगळी आहे. आमच्या अभ्यासगटात हिंगोलीकडची एक मुलगी होती. आमच्या सगळ्यांत भौतिक रसायनशास्त्र तिचेच पक्के होते आणि उष्मागतिकीचे प्रश्न अडले की आम्ही तिलाच फोन करायचो. 'डिसेंबरची परीक्षा दे, मग लग्नाचे बघू', असा तिने वडिलांकडून शब्द घेतला होता. डिसेंबर २०२२ ची परीक्षा डिसेंबरात झाली नाही, जानेवारीत नाही, मार्चमध्येही नाही. वडिलांनी आपला शब्द पाळला असे त्यांना वाटत असणार, कारण डिसेंबर कधीच उलटून गेला होता. मे महिन्यात तिचे लग्न झाले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षेच्या दिवशी, ती नव्या घरी होती. आता ती अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते, आणि चांगल्या घेते असे ऐकतो. महिलांना वयात पाच वर्षांची सवलत आहे, हे मला ठाऊक आहे. पण तिला सवलत नको होती, ठरलेल्या महिन्यात परीक्षा हवी होती.

दुसरी तक्रार जून २०२४ ची आहे, आणि ती पुन्हा उगाळण्यामागे कोणाला खिजवण्याचा हेतू नाही. १८ जूनला झालेली यूजीसी-नेट, म्हणजे मुख्यतः विज्ञानेतर विषयांची वेगळी नेट, १९ जूनला रद्द झाली. आमची परीक्षा २५ ते २७ जून या दिवसांत होती. २१ जूनच्या संध्याकाळी, म्हणजे चार दिवस आधी, ती पुढे ढकलल्याची सूचना आली आणि कारण म्हणून अपरिहार्य परिस्थिती व व्यवस्थेच्या अडचणी एवढेच सांगण्यात आले. त्याच दिवशी सार्वजनिक परीक्षांतील गैरप्रकार रोखणारा कायदा लागू झाला, दुसऱ्या दिवशी इस्रोचे माजी अध्यक्ष डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. या उपायांची गरज होतीच. संशय असेल तर परीक्षा थांबवणेही योग्यच. माझे म्हणणे त्या सूचनेतील शब्दांपुरते आहे. आमच्या प्रयोगशाळेत एखाद्या बॅचचा निकाल मर्यादेबाहेर गेला, तर आम्ही बॅच थांबवतो. पण थांबवण्याच्या कागदावर 'अपरिहार्य परिस्थिती' असे लिहून सही केली, तर तपासणीला आलेला अधिकारी आम्हाला उभे करील. काय घडले, केव्हा लक्षात आले, पुढचा निर्णय केव्हापर्यंत होणार, हे लिहावे लागते. लाखो उमेदवारांच्या परीक्षेला एका पॅरासिटॅमॉलच्या बॅचइतकीही कारणमीमांसा मिळू नये का? त्या वेळी माझे केंद्र पुण्यात होते. मी चार दिवसांची रजा टाकली होती, राहण्याची सोय एका मित्राच्या मेसवर लावली होती. हे सगळे मोडताना मला झालेला खर्च फार मोठा नव्हता. नवी तारीख कोणती, हे विचारणाऱ्या पर्यवेक्षकांना मी 'माहीत नाही' म्हणालो, ते उत्तर मात्र मला स्वतःलाच लाजिरवाणे वाटले.

याच ठिकाणी एक गोष्ट आठवली म्हणून सांगतो. परीक्षा पुढे गेल्याची सूचना आली की दुसऱ्याच दिवशी फोनवर जाहिराती येऊ लागतात : 'मिळालेल्या वेळेचे सोने करा, ३० दिवसांचा क्रॅश कोर्स'. दिल्लीच्या जिया सरायपासून पुण्याच्या पेठांपर्यंत शिकवणीचा जो बाजार उभा आहे, त्याला मी दोष देत नाही. तिथे शिकवणारे बरेचजण आमच्यासारखेच, जेआरएफ हुकलेले असतात. पण अनिश्चिततेच्या प्रत्येक दिवसाची कोणीतरी पावती फाडत असते आणि ती नेहमी उमेदवाराच्याच नावे फाटते, हे आपण ध्यानात घ्यावे.

तिसरा मुद्दा निकाल आणि प्रवेश यांच्या मेळाचा आहे. मी स्वतः सर्वांत जास्त अडकलो तो इथे. मार्च २०२४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी वापरण्याचा निर्णय जाहीर केला. जेआरएफधारकांखेरीज उरलेल्या दोन गटांना, म्हणजे अध्यापन-पात्रता मिळालेल्यांना आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरलेल्यांना, नेटच्या गुणांचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के असे भारांकन मिळणार होते. निर्णय ऐकून मला आनंद झाला होता. प्रत्येक विद्यापीठाची वेगळी प्रवेश परीक्षा, वेगळे शुल्क, वेगळा प्रवास यांतून सुटका होणार होती. अट एकच होती : हे गुण एका वर्षापुरतेच ग्राह्य राहतील.

कागदावर एक वर्ष पुरेसे दिसते. प्रत्यक्षात जूनची परीक्षा जुलैअखेर झाली, निकाल लागेपर्यंत ऑक्टोबर आला. मी ज्या विभागात चौकशीला गेलो, तिथले प्रवेश त्या सत्रापुरते उरकले होते आणि मार्गदर्शकांकडे जागा नव्हती. पुढची जाहिरात केव्हा, हे तिथे कोणालाच सांगता आले नाही. अशा रीतीने ते वर्ष वाट पाहण्यात संपले आणि माझे गुण, ज्यांत मला शिकलेल्या रसायनशास्त्रातला एक अणूही कमी झालेला नव्हता, प्रवेशासाठी बाद झाले. आमच्याकडे रसायनांच्या बाटलीवर मुदतसमाप्तीची तारीख असते आणि ती ठरवण्याआधी त्या द्रावणाची स्थिरता तपासावी लागते. एका वर्षात उमेदवाराचे ज्ञान विघटित होते, याची तपासणी कोणी केली आहे? मुदत ठेवायचीच असेल, तर निदान आपले वेळापत्रक आणि विद्यापीठांचे वेळापत्रक एकमेकांशी जुळवून ती ठेवावी.

ज्याला जेआरएफ मिळते, त्याला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलोशिप, म्हणून ४२,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडे मिळते. १ जानेवारी २०२३ पासूनचे हे दर आहेत. शहरी वाचकाला हा आकडा मोठा वाटणार नाही. आमच्यासाठी मात्र तो 'संशोधन करू का' आणि 'घरी पैसे पाठवू का' या दोन प्रश्नांना एकत्र हो म्हणण्याचा एकमेव मार्ग आहे. जेआरएफशिवाय पीएच.डी. करणारी माझ्या ओळखीची माणसे तासिका तत्त्वावर शिकवून, सुट्टीत शेतावर जाऊन संशोधन करतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ जी सेट परीक्षा घेते, तिच्यातून अध्यापनाची पात्रता मिळते, फेलोशिप मिळत नाही. आणि पात्रताधारकांना पुरतील इतक्या कायम जागा राज्यात भरल्या जात नाहीत, हे सर्वश्रुत आहे. म्हणून सगळा भार पुन्हा या एका परीक्षेवर येऊन पडतो.

चौथी तक्रार उत्तरतालिकेची आहे. तात्पुरत्या उत्तरतालिकेवर आक्षेप घ्यायचा तर प्रत्येक प्रश्नाला २०० रुपये भरावे लागतात आणि ते परत मिळत नाहीत. उठसूट आक्षेप येऊ नयेत म्हणून शुल्क असावे, हे मी मान्य करतो. परंतु उमेदवाराचा आक्षेप बरोबर ठरला, म्हणजे चूक प्रश्न काढणाऱ्याची होती हे सिद्ध झाले, तरी पैसे उमेदवाराचेच का जावेत? शिवाय अंतिम उत्तरतालिकेत केवळ बदललेला पर्याय दिसतो. तो का बदलला, याचे एक वाक्यही नसते. एखाद्या पेरिसायक्लिक अभिक्रियेच्या प्रश्नात समघूर्णी की विषमघूर्णी याबद्दल तज्ज्ञांनी मत बदलले असेल, तर ते दोन ओळींचे कारण देशभरातल्या हजारो विद्यार्थ्यांना एका पाठाएवढे शिकवून जाईल. आमच्या वहीतल्या आडव्या रेघेशेजारी कारण असते, ते याचसाठी. आपली उत्तरतालिका मात्र खाडाखोड करते आणि कारण स्वतःजवळ ठेवते.

पाचवी गोष्ट वरवर किरकोळ दिसेल, पण रसायनशास्त्राच्या उमेदवारांसाठी ती किरकोळ नाही. आमच्या पेपरात अर्धे प्रश्न चित्रांचे असतात. रेणूतला बंध जाड पाचरीसारखा आहे की तुटक, यावर रेणूची त्रिमितीय रचना 'आर' की 'एस' हे ठरते आणि चार गुणांचा निकाल लागतो. एका केंद्रावर, ज्याचे नाव मी घेत नाही, मला मिळालेल्या जुन्या पडद्यावर तुटक बंध आणि साधी रेघ यांत फरकच करता येत नव्हता. पर्यवेक्षक भला माणूस होता. त्याने वाकून पाहिले आणि 'दोन्ही सारख्याच दिसतात' असे सांगितले. तेवढे मलाही दिसत होते. कागदाची प्रश्नपत्रिका असताना आम्ही रेणूवरच अणुक्रम लिहून अग्रक्रम ठरवत असू, असे आमचे वरिष्ठ सांगतात. आता प्रत्येक संरचना कच्च्या कागदावर उतरवून घ्यावी लागते आणि उतरवताना बंध चुकला की उत्तर चुकते. गणिताच्या किंवा जीवशास्त्राच्या उमेदवाराला ही अडचण अशी येत नसेल, म्हणून ती मुद्दाम नोंदवली.

केंद्राच्या शहराची सूचना आणि प्रवेशपत्र यांविषयी थोडक्यातच लिहितो. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. परीक्षेचे शहर जेमतेम आठवडाभर आधी कळते. या दोन आकड्यांमधले अंतर आम्ही एसटीत उभ्याने किंवा जनरल डब्यात दाराशी बसून कापतो.

भाषेबद्दल मी विचारपूर्वक एक वेगळी विनंती करतो. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदी या दोनच भाषांत असते. रसायनशास्त्राचा सगळा पेपर मराठीत द्यावा, असे मी म्हणणार नाही. आम्ही ते इंग्रजीतच शिकलो आणि पुढे शोधनिबंधही इंग्रजीतच लिहिणार आहोत. पण भाग 'अ' हा सर्व विषयांना समान आहे आणि त्यात तर्क, आलेख, काळ-काम-वेग असे प्रश्न असतात. तिथे हिंदी भाषक उमेदवार कोड्याची भाषा आपल्या भाषेत वाचतो आणि नांदेडचा किंवा सावंतवाडीचा उमेदवार मात्र आधी इंग्रजी वाक्य सोडवतो, मग कोडे. जेईई मेन आणि नीट या परीक्षा मराठीसह १३ भाषांत होतात. बारावीच्या मुलांसाठी जे शक्य झाले, ते २० प्रश्नांपुरते एम.एस्सी. झालेल्यांसाठी अशक्य नसावे.

आता मागण्या. वर्षाच्या आरंभी दोन्ही सत्रांच्या तारखा जाहीर व्हाव्यात आणि त्या सत्राच्या नावातील महिन्यातच असाव्यात. एखादे सत्र घेता आले नाही, तर त्या सत्रापुरती वयोमर्यादेत आपोआप सूट मिळावी, उमेदवाराला त्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागू नये. परीक्षा पुढे ढकलण्याची वेळ आलीच, तर त्याच सूचनेत स्पष्ट कारण, नवी तारीख किंवा ती जाहीर करण्याची अंतिम मुदत, आणि जबाबदार अधिकाऱ्याची सही असावी. केंद्राचे शहर किमान ३० दिवस आधी कळावे. निकालाची तारीख परीक्षेच्या अधिसूचनेतच बांधलेली असावी. पीएच.डी. प्रवेशासाठी गुणांची ग्राह्यता किमान तीन वर्षे असावी. आक्षेप मान्य झाल्यास शुल्क परत मिळावे, आणि बदललेल्या किंवा रद्द केलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे कारण छापावे. रसायनशास्त्राच्या पेपरातील संरचना पडद्यावर मोठ्या करून पाहण्याची सोय असावी आणि केंद्रांना मान्यता देताना पडद्यांची तपासणी व्हावी. भाग 'अ' मराठीसह अन्य भारतीय भाषांत उपलब्ध व्हावा. हे एका वर्षात होणार नाही, पण त्याचा आरंभ केव्हा होणार ते सांगावे.

यातील एकाही मागणीमुळे प्रश्नपत्रिका सोपी होत नाही, फेलोशिपची संख्या वाढत नाही किंवा कटऑफ खाली येत नाही. अर्ज भरताना खुल्या प्रवर्गातील उमेदवार ११५० रुपये देतो, आणि या मागण्यांपैकी बऱ्याचशांना त्याहून अधिक पैसा नाही, केवळ शिस्त लागते.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमची सहल पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गेली होती. ती प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी सुरू झाली, म्हणजे प्रजासत्ताक होण्याच्याही तीन आठवडे आधी या देशाने रसायनशास्त्रासाठी एवढी मोठी वास्तू उभी केली, असे आमच्या सरांनी प्रवेशद्वाराशी थांबून सांगितले. आत काचेपलीकडे आमच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी मुले काम करत होती. एकाने दार उघडून आम्हाला रोटरी बाष्पित्रात फिरणारा गोल चंबू दाखवला आणि आपण कोणत्या गावचे हे विचारले. तोही लातूरचाच निघाला. मी जी परीक्षा देत आहे, तिच्याकडे मी त्या दिवसापासून त्या काचेपलीकडे नेणारे दार म्हणून पाहतो; म्हणूनच तिच्यावर चिडून पाठ फिरवणे मला जमलेले नाही.

या पत्राची प्रत मी आमच्या अभ्यासगटातल्या सर्वांना पाठवली आहे, हिंगोलीच्या मैत्रिणीलाही. तिने एवढेच कळवले की मागण्यांत वयोमर्यादेची मागणी सर्वांत वर घ्या. म्हणून ती तारखांच्या मागणीला लागूनच, दुसऱ्या वाक्यात घेतली आहे. पुढच्या जानेवारीत आमच्याकडे रजांचा नवा तक्ता लागेल. त्याआधी आपल्याकडून दोन तारखा मिळाल्या, तर मी माझ्या नावापुढे त्या शाईने लिहीन.

आपला विश्वासू,
रसायनशास्त्राचा एक उमेदवार,
बजाजनगर, वाळूज, छत्रपती संभाजीनगर